वरचो लाल, खालचो हिरवो

माझ्या आजारात अंथरूण धरावं लागत नाही. दुखत नाही, ताप येत नाही, औषध नाही आणि पथ्यही नाही. मला लाल आणि हिरवा हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत, एवढंच. दोन्ही मातकट दिसतात, एक जरा गडद, एक जरा फिका. निळा आणि पिवळा स्वच्छ दिसतात.

आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका बाईंच्या मुलाला परवा हेच निघालं. त्या माझ्याकडे आल्या आणि बराच वेळ रडल्या. मुलगा हळूहळू आंधळा होणार असं त्या धरूनच चालल्या होत्या. त्यांना जे सांगितलं ते लिहून ठेवावं असं वाटलं. मला हे कळलं तेव्हा असं बसून सांगणारं कुणी नव्हतं.

नळ्या

मी मालाडला स्टेशनजवळच्या एका लॅबमध्ये कामाला होते. रक्त-लघवी तपासायची लॅब. बारावीनंतर त्याचाच कोर्स केला होता. दोन खोल्या, एक मोठी खिडकी. दळवी मॅडम मालक आणि डॉक्टर. कामाला मी आणि ज्योत्स्ना नावाची एक गुजराती मुलगी.

त्या वेळी लघवीतली साखर बघायची तर काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि उकळायचं. साखर नसेल तर निळं ते निळंच राहतं. असेल तर जितकी जास्त तितका रंग बदलत जातो. आधी हिरवा, मग पिवळा, मग नारिंगी आणि सगळ्यात शेवटी विटेसारखा लाल. रंग बघायचा आणि त्याप्रमाणे रिपोर्ट लिहायचा. लॅबमधलं सगळ्यात सोपं काम.

ज्योत्स्ना नळ्या खिडकीत धरून रंग सांगायची आणि मी लिहायची. ही वाटणी कधी आणि कशी पडली ते आठवत नाही. कोर्सच्या वेळीही मी शेजारच्या मुलीला विचारून भागवायची. मला वाटायचं, हे सगळ्यांनाच कठीण जातं, बाकीच्या फक्त जास्त सराव करतात. बावीस वर्षांची होईपर्यंत मला काही कळलं नाही यावर लोकांचा विश्वास बसत नाही. पण शेजारच्याला काय दिसतं हे आपण कधी कुणाला विचारतो?

ज्योत्स्नाचं लग्न ठरलं आणि ती नोकरी सोडून गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत मॅडम सह्या करता करता एका रिपोर्टवर थांबल्या.

"या आजोबांना मी सकाळी जिन्यात बघितलं," त्या म्हणाल्या. "दोन पायऱ्या चढून पाणी मागत होते. तू लिहिलंयस साखर अगदी थोडी. नळी टाकलीस की आहे?"

"आहे."

त्यांनी नळी खिडकीत धरली. "हा रंग कोणता?"

"हिरवा."

स्टँडमधली दुसरी नळी काढून त्यांनी पहिलीच्या शेजारी धरली. "आणि हा?"

"तोच. जरा फिका."

"नीट बघ, अलका."

"तोच आहे, मॅडम."

पहिली विटेसारखी लाल होती आणि दुसरी हिरवी. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, त्या माझी गंमत करताहेत. पण मॅडम गंमत करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी माझा रिपोर्ट फाडला आणि नवा स्वतः लिहिला.

"हा असाच गेला असता तर यांच्या डॉक्टरने इन्शुलिन कमी केलं असतं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "उद्या कामाला येऊ नकोस. अंधेरीला माझ्या ओळखीचे डोळ्यांचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे जाऊन ये. सोबत कुणाला तरी घेऊन जा."

ठिपके

सोबत आई आली. आम्ही मूळचे मालवणकडचे. आई लग्न होऊन मुंबईला आली, पण तिची बोली तिने सोडली नाही. बाबांचीही नाही. मीच शाळेत शिकून वेगळं बोलायला लागले.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी माझ्यापुढे एक पुस्तक उघडलं. प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांचा एक गोल आणि त्या ठिपक्यांत लपलेला आकडा. पहिल्या पानावर बारा होता, तो मी लगेच सांगितला. पुढच्या पानावर काही नव्हतं. त्याच्या पुढच्यावरही नव्हतं. खोटं बोलणारे पकडायला मुद्दाम कोरी पानं घातली असतील, असं मी मनाशी म्हटलं.

मागे उभी असलेली आई वाकून बघत होती. "अगो, आठ आसा तो. केवढो मोठो. दिसत नाय तुका?"

"तुम्ही जरा गप्प राहा, बाई," डॉक्टर म्हणाले.

पुढच्या पानांना आई बोलली नाही, पण प्रत्येक पानाला तिचा श्वास मला ऐकू येत होता. सगळं पुस्तक संपल्यावर डॉक्टरांनी मला खिडकीशी नेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. उत्तरं तीच आली.

"मुलीत मी हे फारच कमी वेळा बघितलंय," ते म्हणाले. "मुलग्यांना असतं. मुलीला व्हायचं तर दोन्हीकडून यावं लागतं. आईला स्वतःला दिसत असतं, पण तिच्या रक्तातून येतं. आणि वडिलांना हे असावंच लागतं. वडील काय करतात?"

"गिरणीत होते," आई म्हणाली.

ते खोटं नव्हतं. मी शाळेत असताना बाबा परळला गिरणीत होते. पण ती नोकरी सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती. आता ते गाडी चालवत. मालाडची मुलं गोरेगावच्या एका शाळेत नेणारी आणणारी बस.

आईने उत्तर फार पटकन दिलं. मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. त्यावरून मला एकाच वेळी दोन गोष्टी कळल्या. बाबांना हे आहे, आणि आईला ते माहीत आहे.

डॉक्टरांनी सांगितलं की याला औषध नाही, चष्मा नाही. हे वाढत नाही आणि यातून आंधळेपण येत नाही. एवढं बोलून त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं. खाली रस्त्यावर आल्यावर आईने माझा हात धरला.

"घरात तेंका काय बोलू नको."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"लगीन झाला तेव्हापासून," ती म्हणाली. "माझी हिरवी साडी बघून म्हणाले, लाल साडीत बरी दिसतंस. मी हसलंय. ते नाय हसले. मगे कळला."

गॅलरी

मी बोलले नाही. बाबांनीच विचारलं. रात्री जेवताना ते म्हणाले, "डॉक्टर काय म्हणालो?"

"लाल-हिरवा कळत नाही म्हणाले."

"आणि काय म्हणालो?"

"वडील काय करतात विचारलं. आईने सांगितलं, गिरणीत होते."

आई भाकरी थापत होती, ती थांबली. बाबांनी भातात आमटी कालवली. "बरा केल्यान," ते म्हणाले आणि आणखी आमटी मागितली.

नंतरचे काही दिवस हा विषय निघाला नाही. एका रविवारी दुपारी मी गॅलरीत कपडे काढत होते. बाबा माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. समोरच्या मैदानाकडे बोट करून त्यांनी हळूच विचारलं, "बाय, त्या गुलमोहरार फुलां आसत?"

मी बघितलं. मला नुसतं झाड दिसलं. "माहीत नाही. असतील. मे महिना आहे."

"माका पन कधी दिसली नाय," ते म्हणाले. "लोक म्हणतत झाड पेटलासा दिसता. मी पन म्हणतंय, होय पेटला."

आम्ही दोघं हसलो. माझ्या आयुष्यात तोपर्यंत मला जे दिसतं तेच दिसणारं दुसरं माणूस भेटलं नव्हतं, आणि ते माणूस माझ्याच घरात इतकी वर्षं राहत होतं. मग आम्ही विचारतच सुटलो. पिकलेला टोमॅटो? दाबून. सुकी मिरची जळायला लागलेली? वासावरून. मासळी ताजी की शिळी? लोक कल्ले उचलून लाल आहेत का बघतात. बाबा डोळे आणि वास बघायचे, आणि कोळणीला फक्त विचारायचे, खरं सांग. रक्त? मी म्हटलं, मला काळपट दिसतं. ते म्हणाले, माका पन. हे सगळं आम्ही एकमेकांना पत्ते दाखवावेत तसं दाखवत होतो. आत आईने दोनदा हाक मारली ती आम्हाला ऐकूच आली नाही.

शेवटी मी विचारलं, "बाबा, सिग्नल?"

"वरचो लाल, खालचो हिरवो," ते म्हणाले. "मधलो पिवळो दिसता माका. वरचो लागलो काय थांबूचा."

"आणि लायसन?"

"लांबची पाटी वाचूक सांगितल्यानी. ती वाचलंय."

"आणि समजा..."

"आजपर्यंत साधो ओरखडो नाय गाडीक," ते म्हणाले आणि आत गेले.

माझ्या एका नळीने एका म्हाताऱ्याचं काय झालं असतं हे मॅडमनी मला सांगितलं होतं. बाबांच्या गाडीत मुलं होती. हा हिशोब मी त्यांच्यापुढे मांडला नाही. तो त्यांनीही मनात केला असणार. माझ्यापेक्षा कितीतरी आधी, आणि रोज.

बोटं

मॅडमनी मला काढलं नाही. त्यांनी नळ्यांचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, रंग लावलेल्या काचांचं काम नवीन मुलीकडे दिलं आणि मला रक्त काढायला बसवलं. शीर शोधायला रंग लागत नाही. ती बोटाला लागते, ओल्या दोरीसारखी. लठ्ठ बायका, सुकलेली म्हातारी माणसं, लहान मुलं, ज्यांची शीर कुणाला सापडायची नाही ती माझ्याकडे यायची. नवीन मुलगी काही दिवस रोज विचारायची, "ताई, माझा ड्रेस कुठल्या रंगाचा?" हा प्रश्न सगळेच विचारतात. ज्यांच्या घरात असा माणूस असेल त्यांनी तो शक्यतो विचारू नये. पहिल्यांदा मजा वाटते, दहाव्यांदा वाटत नाही.

घरच्या छोट्या गोष्टी बऱ्याचशा निभतात. माझ्या परकरांच्या नेफ्यात आत आईने दोऱ्याच्या गाठी घालून दिल्या. एक गाठ हिरवा, दोन गाठी लाल, गाठ नाही तो पांढरा. बाबांच्या शर्टांच्या कॉलरमध्येही तशाच गाठी होत्या, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आईने ही पद्धत माझ्यासाठी काढलेली नव्हती. चपाती करपायला लागली की वास येतो. मटण शिजलं की नाही ते दाबून कळतं. पेरू मी विकणाऱ्याकडूनच निवडून घेते. पोराच्या अंगावर पुरळ उठलं तर मात्र कळत नाही. तिथे दुसऱ्याचे डोळे लागतात, आणि ते मागायला लाजू नये.

दोरी

पुढच्या वर्षी मार्चमधली गोष्ट. सकाळी मी बाबांच्या बसमधूनच लॅबला जायची. बस आमच्या चाळीजवळच्या मैदानात उभी असे. बाबा मला स्टेशनच्या बाजूला सोडत आणि तिथून मुलांना घ्यायला जात. त्यामुळे माझ्या वेळी बस रिकामी असायची.

चांगलं उजाडलं होतं. रस्ता मोकळा होता. मी बाबांच्या मागच्या सीटवर बसून पुढच्या काचेतून बघत होते. एका बंगल्याच्या वळणावर समोर मेंदीचं दाट कुंपण यायचं, तिथे बाबा नेहमीप्रमाणे गाडी वळवायला लागले. तेवढ्यात कडेला चहा पीत बसलेला एक मजूर उठला आणि दोन्ही हात हलवत गाडीसमोर धावला.

बाबांनी करकचून ब्रेक मारला. माझं कपाळ पुढच्या दांडीवर आपटलं. गाडी थांबली तेव्हा डावीकडच्या चाकाखालची माती खाली पडल्याचा आवाज आला. टेलिफोनच्या तारा घालायला रात्रीतून रस्ता खणला होता आणि चाक त्या खड्ड्याच्या काठावर होतं.

मजूर खिडकीशी आला. धावून त्याला दम लागला होता. "अंधा है क्या? इतना लाल कपड़ा बांधा है, दिखता नहीं?"

"कहाँ?" बाबांनी विचारलं.

त्यांनी खरोखरच विचारलं होतं. मजुराला वाटलं ते उलट बोलताहेत. त्याने रागाने हात लांब केला. मीही त्या हाताच्या दिशेने बघितलं. मला कुंपण दिसलं, पानं दिसली. बाबाही तिकडेच बघत होते. तेवढ्यात वारा आला आणि पानांपैकी काही पानं वेगळ्या तऱ्हेने हलली. ती पानं नव्हती. कुंपणापासून रस्त्याच्या मध्यापर्यंत दोरी ओढून तिला लाल चिंध्या बांधल्या होत्या. भरपूर बांधल्या होत्या. कुणालाही दिसल्या असत्या.

"बाबा, दोरीला आहेत," मी म्हटलं.

"होय. बघलंय आता."

ते सीटवर वळले आणि त्यांनी मागे बघितलं. मी त्यांच्या अगदी जवळ होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. मागच्या रिकाम्या बाकांकडे बघत होते. मग त्यांनी गाडी मागे घेतली, रस्त्याच्या कडेला लावली आणि बंद केली.

"तू चलत जा कामाक," ते म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"शेटाक फोन करतंय. पोरांका आणूक दुसरो ड्रायव्हर पाठव म्हणान सांगतंय."

"बाबा, आजचा दिवस हळू चालवा. मुलं वाट बघत असतील."

"बघूदेत," ते म्हणाले.

त्या दिवशी मुलं शाळेत उशिरा पोचली आणि पालकांनी गाडीच्या मालकाला बरंच सुनावलं. मी कपाळाला टेंगूळ घेऊन लॅबमध्ये गेले आणि रोजच्यासारखं रक्त काढलं.

गॅरेज

दुसऱ्या दिवशी बाबा मालकाकडे गेले. शेट भला माणूस होता. त्याला वाटलं मोतीबिंदू असेल. "ऑपरेशन करून घ्या, तोपर्यंत सुट्टी देतो," तो म्हणाला. बाबांना तेवढंच म्हणून सुटता आलं असतं.

"ऑपरेशन नाय ह्येका, शेट," बाबांनी सांगितलं. "जन्मापासून असा. लाल-हिरवा माका दिसत नाय."

"इतने साल?"

"इतकी वर्सां."

त्याची स्वतःची मुलगीही त्याच बसने जायची. शेवटी त्याने बाबांना गॅरेजमध्ये घेतलं. ग्रीस लावायचं, टायर बघायचे, सकाळी बाकीच्या ड्रायव्हरांना गाड्या काढून द्यायच्या. पगार कमी झाला. ज्या गाडीला इतकी वर्षं ओरखडा पडू दिला नव्हता ती दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि ती फाटकातून बाहेर जाताना बघत उभं राहायचं, हे बाबांना पगारापेक्षा जड गेलं. ते कुणाला बोलले नाहीत. फक्त सकाळी लवकर उठायचे, आंघोळ करून बसायचे आणि निघायची वेळ होईपर्यंत भिंतीकडे बघायचे.

आई माझ्याशी बोलेनाशी झाली. "इतकी वर्सां कोणाक कळला नाय," एक दिवस ती भांडी घासता घासता म्हणाली. "तुझ्या त्या नळ्यांनी ह्या सगळा घरात आणल्यानी."

"मी कुणाला सांगितलं नव्हतं, आई."

"सांगूक कशाक व्हया? तू इचारलंस. तेंच्या डोक्यात घातलंस."

ते खरं असेल.

मग एक गोष्ट घडली, आणि ती आधी आईच्याच लक्षात आली. बाबांचं डोकं दुखायचं थांबलं. गाडी चालवायला लागल्यापासून ते संध्याकाळी घरी आले की आडवे व्हायचे आणि आई त्यांच्या कपाळाला बाम चोळायची. उन्हामुळे होतं, धुरामुळे होतं, असं सगळे समजत होते. गॅरेजमध्ये ऊन आणि धूर जास्तच होता. एका संध्याकाळी आई बामची बाटली हातात घेऊन त्यांच्याजवळ गेली, तर ते रेडिओ लावून बसले होते.

"दुखत नाय?"

"नाय."

"काल?"

"काल पन नाय."

आई बाटली घेऊन तशीच उभी राहिली. मग ती मोरीत गेली आणि तिने नळ सोडला. ती रडत होती की नाही ते मला माहीत नाही. बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, "जेवतलंस काय आता?" असं आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

बघायला आले

माझ्यासाठी स्थळं येत होती. बोरीवलीचं एक आलं. मुलगा सदानंद, घाटकोपरला एका कंपनीत स्टोअरकीपर. वडील नव्हते. आई आणि काका बरोबर आले. आईने आदल्या दिवशीच मला बजावलं होतं, "काय्येक बोलू नको. लगीन झाल्यावर हळूहळू कळता. माका नाय कळला?"

मी पोहे आणले. सदानंदच्या आई माझ्या साडीकडे बघत म्हणाल्या, "छान आहे हो. ब्लाउजपीसही अगदी बरोबर मिळालंय. तूच निवडलंस का गं?"

"होय तर," आई म्हणाली, "तिनाच..."

बाबांनी कपबशी खाली ठेवली. "तिना नाय निवडल्यान," ते म्हणाले. "आयेन निवडल्यान. तिका लाल-हिरवो रंग कळणा नाय. माका पन कळणा नाय. माझ्याकडसून तिच्यात इला."

आईने पदराने उगाच पाट पुसला. मी उभीच होते. बाबांनी ही गोष्ट शेटाला सांगितली होती ती गाडीतल्या मुलांसाठी. इथे त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

सदानंदने विचारलं, "पण तुम्ही तर बस चालवायचात ना?"

"चालवी होतंय. दिव्याची जागा बघून. एक दिवस खड्ड्याकडली लाल दोरी दिसूक नाय, तेव्हा सोडलंय. गाडीत पोरां नव्हती म्हणान वाचलंय."

काका माझ्याकडे वळले. "पुढे मुलांना होईल का हे?"

"मुलगे झाले तर सगळ्यांना," मी म्हटलं. "मुलींना रंग दिसतील."

ते चहा पिऊन गेले. आईने भांडी जरा जोरातच आवरली. बाबा गॅलरीत जाऊन बसले. तिथून त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि मीही त्यांना काही म्हटलं नाही. अजूनही कधी म्हटलेलं नाही.

होकार आला नाही, नकारही आला नाही. मग एक दिवस सकाळी सदानंद लॅबमध्ये आला. मी एका आजीबाईंच्या हाताची शीर शोधत होते. तो बाकावर बसून राहिला. माझं काम झाल्यावर जवळ आला.

"काका नको म्हणतात," तो म्हणाला. "आई म्हणते, जो माणूस हे न विचारता सांगतो त्याच्या घरी आणखी काही लपलेलं नसणार. मला काय ते तुला विचारून ठरवायचं होतं."

"विचारा."

"मुलगा झाला तर त्याला काय शिकवावं लागेल?"

असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. "टोमॅटो दाबून बघायला," मी म्हटलं.

तो हसला नाही. मान हलवली, जणू लक्षात ठेवत होता. "ठीक आहे," म्हणाला.

मुलगा

आमच्या सोसायटीतल्या त्या बाईंना मी यातलं बरंचसं सांगितलं. मुलगा डॉक्टर होईल, वकील होईल, शिक्षक होईल. काही नोकऱ्या त्याला मिळणार नाहीत आणि त्या मिळू नयेतच. त्याला आजपासून खरं सांगा, आणि तो चुकला तर हसू नका. एवढंच माझ्याकडे सांगण्यासारखं आहे.

त्यांनी विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली मुलाची? वाटली. दिवस गेले तेव्हा मुलगी व्हावी असं मी मनात म्हणत होते. मुलगा झाला. मालाडच्या नर्सिंग होममध्ये दुसऱ्या दिवशी सगळे आले होते. सासूबाईंनी पाळण्यात वाकून बघितलं. बाबांनी बाळाला हात लावायच्या आधी हात दोनदा धुतले, गॅरेजचं काळं नखांतून जात नाही म्हणून. सदानंद खिडकीशी उभा होता. कुणी ती गोष्ट काढली नाही, पण सगळ्यांच्या मनात तीच होती.

आईने बाळाला मांडीवर घेतलं. तिने त्याचे मिटलेले डोळे खूप वेळ बघितले.

"ह्येचा पन तसाच असतला?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"शाळेत घालशात तेव्हा पयल्या दिवशी माका घेऊन जावा," आई म्हणाली. "बाईंका मीच सांगतलंय."